हजेरीपटातली पलटण

बॉस्टनमध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याच्या विधानभवनासमोर ब्राँझचं एक मोठं शिल्प आहे. घोड्यावर तरुण गोरा कर्नल आणि त्याच्या बाजूनं खांद्यावर बंदुका घेऊन चालणारे कृष्णवर्णीय शिपाई. शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडन्स. खरी माणसं समोर बसवून त्यानं शिपायांचे चेहरे घडवले, म्हणून एक चेहरा दुसऱ्यासारखा नाही. ३१ मे १८९७ रोजी शिल्पाचं अनावरण झालं तेव्हा दगडावर नावं होती ती धारातीर्थी पडलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची. शिपायांची नावं तिथं कोरली जायला १९८२ साल उजाडलं.

मधली ८५ वर्षं ही नावं होती कुठं? हजेरीपटांत, इस्पितळाच्या याद्यांत, पेन्शनच्या अर्जांत. अमेरिकी यादवी युद्धातली ५४वी मॅसॅच्युसेट्स पायदळ पलटण समजून घ्यायची, तर शिल्पापाशी न थांबता या दफ्तरात उतरायला हवं.

१ जानेवारी १८६३ रोजी लिंकनच्या मुक्तीच्या जाहीरनाम्यानं कृष्णवर्णीयांना सैन्याची दारं उघडली. राज्याचे गव्हर्नर जॉन अँड्र्यू यांनी पलटण उभारायला घेतली आणि नेतृत्व दिलं पंचविशीतल्या रॉबर्ट गूल्ड शॉ याच्याकडे. शिल्पातला घोड्यावरचा कर्नल तो हाच. बॉस्टनजवळ रीडव्हिलच्या छावणीत इतर राज्यांतून, थेट कॅनडातूनही माणसं येऊ लागली. गुलामीविरोधी चळवळीतले कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस यांचे लुईस आणि चार्ल्स हे दोन मुलगे त्यांत होते. २८ मे १८६३ रोजी हजारावर शिपायांची ही पलटण बॉस्टनच्या बंदरातून दक्षिणेकडे निघाली.

१८ जुलैच्या संध्याकाळी चार्ल्सटनजवळच्या मॉरिस बेटावर फोर्ट वॅग्नर या दक्षिणेच्या किल्ल्यावर पलटणीनं हल्ला केला. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला दलदल, मधे वाळूची चिंचोळी पट्टी. सुमारे ६०० जण त्या पट्टीवरून धावले. शॉ तटावरच पडला. ठार, जखमी आणि बेपत्ता मिळून आकडा होता २७२. वरचे अधिकारी पडल्यामुळे उरलेल्या माणसांना सावरायची जबाबदारी कॅप्टन लुईस एमिलिओ याच्यावर आली. तो तेव्हा १८ वर्षांचा होता. पुढे १८९१ मध्ये त्यानंच या पलटणीचा इतिहास लिहिला आणि पुस्तकाच्या शेवटी शिपायांची नावनिशीवार यादी जोडली. आजही शोधाची सुरुवात याच यादीपासून होते.

यादीतलं नाव घेऊन वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या सेवानोंदीकडे जायचं. युद्धानंतर पेन्शनचे अर्ज लाखांनी आले आणि मूळ हजेरीपट हाताळून हाताळून फाटू लागले. तेव्हा १८९० च्या सुमारास युद्धखात्यानं कारकुनांकडून प्रत्येक नोंद कार्डावर उतरवून घेतली आणि एकेका शिपायाची कार्डं एका लिफाफ्यात ठेवली. वर्णनाचं कार्ड पाहा: वय, उंची, वर्ण, डोळे, केस, जन्मगाव, धंदा. शेतकरी, खलाशी, न्हावी, मजूर. कारकुनानं हे लिहिलं ते पळून गेलेला माणूस ओळखता यावा, मेलेल्याची खातरजमा व्हावी म्हणून. पण १८६० च्या जनगणनेत गुलामांच्या तक्त्यांवर मालकाचं नाव असे आणि त्याखाली गुलामाचं फक्त वय, लिंग, वर्ण. गुलामीतून आलेल्या कित्येकांचं पूर्ण नाव पहिल्यांदा सरकारदरबारी उमटलं ते लष्कराच्या कागदावर.

या कार्डांवर एक शेरा पुन्हा पुन्हा भेटतो: १९ एप्रिल १८६१ रोजी वा त्याआधी स्वतंत्र. त्यामागे मोठा लढा आहे. भरतीच्या वेळी महिना १३ डॉलर ठरले होते. प्रत्यक्षात सरकारनं १० देऊ केले आणि त्यातूनही कपड्यांचे ३ कापायचे ठरवलं. गोऱ्या शिपायाला मात्र पूर्ण १३. पलटणीनं पगार घ्यायलाच नकार दिला. फरकाची रक्कम आम्ही देतो असं राज्य सरकार म्हणालं, तर त्यालाही नकार. प्रश्न पैशाचा नव्हता, शिपाई म्हणून बरोबरीचा होता. घरी बायकामुलांची उपासमार होत असताना ही माणसं दीड वर्ष बिनपगारी लढली. जून १८६४ मध्ये काँग्रेसनं समान वेतन मान्य केलं, पण मागची थकबाकी देताना अट घातली, की युद्धाच्या सुरुवातीला, १९ एप्रिल १८६१ रोजी, शिपाई स्वतंत्र असला पाहिजे. शॉनंतर कर्नल झालेल्या एडवर्ड हॅलोवेल यानं तोड काढली. शिपायांनी शपथ घ्यायची, की त्या तारखेला माझ्या फुकटच्या श्रमावर कुणाचाही हक्क नव्हता. मालकाकडून पळून आलेला माणूसही ही शपथ खऱ्या मनानं घेऊ शकत होता. म्हणून तो शेरा वाचून ‘हा जन्मापासून स्वतंत्र’ असं ठरवणारा अभ्यासक फसतो. कागद कशासाठी लिहिला गेला हे आधी पाहायचं आणि मग त्यात काय लिहिलंय ते वाचायचं.

हा धडा सगळ्यात चांगला शिकवतो कॉर्पोरल जेम्स हेन्री गुडिंग. न्यू बेडफर्डच्या देवमासे मारणाऱ्या जहाजांवर राबलेला हा खलाशी छावणीतून गावच्या वर्तमानपत्राला पत्रं लिहायचा. २८ सप्टेंबर १८६३ रोजी त्यानं थेट लिंकनला पत्र लिहून पगाराचा जाब विचारला. खलाशी म्हणून काढलेल्या कागदावर त्याचं जन्मगाव होतं न्यूयॉर्क राज्यातलं ट्रॉय आणि अभ्यासकांनीही बरीच वर्षं तेच खरं मानलं. पुढे न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय मुलांच्या अनाथालयाच्या नोंदी हाती आल्या आणि उलगडा झाला, की तो नॉर्थ कॅरोलायनात गुलामीत जन्मला होता आणि लहानपणी त्याचं स्वातंत्र्य विकत घेतलं गेलं होतं. पळालेल्या गुलामांना धरून नेणाऱ्या त्या काळात उत्तरेतलं जन्मगाव हे अंगावरचं चिलखतच होतं. गुडिंग फेब्रुवारी १८६४ मध्ये ओलस्टीच्या लढाईत जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला आणि १९ जुलैला अँडरसनव्हिलच्या तुरुंगछावणीत मेला. मागितलेला पगार पलटणीच्या हाती पडला तो त्यानंतर दोनेक महिन्यांनी.

सगळ्यात बोलकी असते पेन्शनची फाइल. विधवेला लग्न सिद्ध करावं लागे, आणि गुलामांच्या लग्नाला कायद्यानं कधी मान्यताच दिली नव्हती. मग शेजारी, सुईण, जुने सोबती साक्षीला येत. लग्न कुणी लावलं, हजर कोण होतं, कुठलं पोर केव्हा जन्मलं, हे सगळं शपथेवर सांगत. सरकारनं पुरावा मागितला संशयापोटी, आणि त्या संशयामुळेच एरवी कुणी लिहून ठेवलं नसतं ते घरचं आयुष्य कागदावर राहिलं.

फोर्ट वॅग्नरनंतर दहा वर्षांनी, १८७३ मध्ये पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं आणि ते अर्पण केलं गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. त्या मुक्तीसाठी बंदूक उचललेल्यांत या पलटणीचे शिपाई होते. म्हणून मराठी वाचकाला ही नावं परकी वाटू नयेत.

न्यू बेडफर्डच्या सार्जंट विल्यम कार्नीनं फोर्ट वॅग्नरवर जखमा झेलत निशाण परत आणलं. त्याचं सन्मानपदक मंजूर झालं मे १९०० मध्ये, ३७ वर्षांनी. शॉला शत्रूनं त्याच्या शिपायांबरोबर एकाच खड्ड्यात पुरलं. त्याच्या वडिलांनी विनंती केली, की त्याला तिथून हलवू नका. तो किल्ला पुढे समुद्रानं गिळला. जिथं ही माणसं पडली ती वाळूही आता जागेवर नाही. त्यांची उंची, त्यांचा धंदा, त्यांच्या बायकांची साक्ष लिफाफ्यांत आहे, आणि त्यातले कितीतरी लिफाफे अजून कुणीतरी नीट वाचायचे आहेत.