केळीचा घड आणि बर्फावरची खुर्ची

विहिरीतून पाणी काढण्याच्या दोन जुन्या पद्धती आपल्याला माहीत आहेत : मोट आणि रहाटगाडगे. मोट भरते, वर येते, रिकामी होते आणि पुन्हा खाली जाते. रहाटगाडग्याचे तसे नाही. त्यात एक गाडगे खाली भरत असते, तेव्हाच दुसरे वर रिते होत असते. माळ फिरतच राहते. हा फरक लक्षात ठेवून एका डोंगराळ गावाची हकीकत पाहू या.

अमेरिकेच्या आयडाहो राज्यात केचम नावाचे गाव आहे. १८८० च्या दशकात ते चांदी आणि शिशाच्या खाणींमुळे भरभराटीला आले. पुढे खाणी मंदावल्या आणि गावाला मेंढपाळीचा आधार उरला. १९३०च्या दशकातील आर्थिक मंदीत युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीलाही प्रवासी हवे होते. तिचे अध्यक्ष ॲव्हरेल हॅरिमन यांनी हिवाळी खेळांसाठी योग्य जागा शोधायला फेलिक्स शाफगॉच या ऑस्ट्रियन जाणकाराला पाठवले. बरेच डोंगर पालथे घातल्यावर त्यांनी केचमजवळची दरी पसंत केली. तिला ‘सन व्हॅली’ हे नाव मिळाले.

अडचण होती ती चढणीची. पायाला लांब पट्ट्या, म्हणजे स्की, बांधून बर्फावरून घसरत उतरणे आनंदाचे असते. पण त्याच पट्ट्यांनिशी वर चढायला तासभर लागतो आणि उतरणे काही मिनिटांत संपते. यावर उपाय निघाले होते. काही ठिकाणी फिरता दोर हातांनी धरून वर जात. त्यात हात भरून येत आणि हातमोजे झिजत. स्वित्झर्लंडमधील दावोस येथे १९३४ मध्ये एर्न्स्ट कॉन्स्टाम या अभियंत्याने दोराला आकडे लावून माणसाला मागून ओढण्याची सोय केली. हात मोकळे झाले, पण माणूस अजून बर्फावरच उभा होता.

युनियन पॅसिफिकच्या ओमाहा येथील कचेरीत जेम्स करन नावाचे अभियंते होते. ओमाहा हे सपाट मैदानी शहर आहे आणि करन यांचा स्कीशी संबंध नव्हता. मात्र पूर्वी त्यांनी जहाजांत केळी चढवण्याच्या यंत्रावर काम केले होते. त्या यंत्रात एक दोर अखंड फिरत असे आणि त्याच्या आकड्यांना केळीचे घड टांगले जात. करन यांनी विचार केला, आकड्याच्या जागी खुर्ची लावली तर?

आता आपले रहाटगाडगे आठवा. समजा, चढण १००० मीटर लांब आहे आणि दोराचा वेग सेकंदाला १.८ मीटर आहे. वर जायला सुमारे सव्वानऊ मिनिटे लागतील. दहा माणसांची एकच पेटी ये-जा करत असेल, तर तिच्या तासाला जेमतेम तीन फेऱ्या होतील. म्हणजे सुमारे ३२ माणसे. त्याच दोरावर दर १८ मीटरला एकेक खुर्ची टांगली, तर दर दहा सेकंदांना एक खुर्ची येईल आणि तासाला ३६० माणसे वर जातील. आता चढण दुप्पट लांब करा. पेटीची क्षमता निम्मी होते. खुर्च्यांची मात्र तेवढीच राहते! वर्गात हे गणित मुलांकडून करून घेण्यासारखे आहे.

पण वाहता दोर थांबत नाही, ही त्याची ताकद आणि तोच त्याचा धोका. घडाला धक्का बसला तर केळी काळवंडतील, माणसाचे काय? चालती खुर्ची उभ्या माणसाला मागून येऊन उचलणार. करन यांच्या वरिष्ठांना ही कल्पना फार धोक्याची वाटली व त्यांनी ती बाजूला ठेवली. असे सांगतात, की करन यांनी आपला आराखडा हळूच इतर आराखड्यांत सरकवून दिला आणि सल्लागार म्हणून आलेले चार्ल्स प्रॉक्टर यांच्या तो नजरेस पडला. प्रॉक्टर स्वतः १९२८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरलेले स्कीपटू होते. त्यांना त्यात तथ्य दिसले.

मग वाद घालण्याऐवजी प्रयोग झाला. १९३६ च्या उन्हाळ्यात ओमाहात बर्फ कोठून आणणार? एका ट्रकच्या बाजूला खुर्ची टांगली. जमिनीवर पेंढा पसरून त्यावर स्की घालून उभे राहून पाहिले, पेंढ्यावर तेलही टाकले. पण बर्फासारखे घसरणे जमेना. शेवटी चाकांचे बूट घालून माणूस काँक्रीटवर उभा राहिला आणि ट्रकने वेगवेगळ्या वेगांनी येऊन त्याला उचलले. ताशी चार ते पाच मैल, म्हणजे सेकंदाला सुमारे दोन मीटर, हा वेग माणसाला सोसतो असे आढळले.

वेगाला एवढे महत्त्व का? खुर्चीवर बसताना माणसाला क्षणात दोराचा वेग मिळवावा लागतो. ७० किलोग्रॅमच्या माणसाला सेकंदाला १.८ मीटर वेग द्यायला सुमारे ११३ ज्यूल ऊर्जा लागते. वेग दुप्पट केला, तर ती चौपट, म्हणजे ४५० ज्यूलच्या वर जाते. कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पायांखाली घर्षण कमी असेल तर माणूस खुर्चीबरोबर सहज सरकतो. पाय अडकले तर तो कोलमडतो. म्हणूनच प्रयोगात पेंढ्यापेक्षा चाके उपयोगी पडली. दिसायला ती बर्फासारखी नव्हती, पण घर्षणाच्या बाबतीत बर्फाच्या जवळची होती. प्रतिकृतीत काय सारखे असावे आणि काय वेगळे असले तरी चालेल, हे ओळखणे प्रयोगातले निम्मे काम असते.

डिसेंबर १९३६ मध्ये सन व्हॅली सुरू झाली, तेव्हा तिथल्या डॉलर आणि प्रॉक्टर या डोंगरांवर अशा खुर्च्या फिरत होत्या. स्कीसाठीची जगातील पहिली चेअरलिफ्ट ती हीच, असे मानले जाते. करन यांना १९३९ मध्ये पेटंट मिळाले.

वरिष्ठांची भीती खोटी नव्हती. ‘धोका आहे’ हे त्यांचे म्हणणे बरोबरच होते. पण ‘कोणत्या वेगाला किती?’ हा पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. तो विचारल्यावर एक ट्रक, एक खुर्ची आणि चाकांचे बूट एवढ्यावर उत्तर मिळाले. ते टिकलेही आहे. दोराला कायमची जखडलेली खुर्ची आजही सेकंदाला सुमारे अडीच मीटरच्या पुढे सहसा नेत नाहीत. सेकंदाला पाच मीटर गाठायचे, तर माणूस बसताना खुर्ची दोरापासून सोडवून हळू करावी लागते आणि मग पुन्हा दोराला पकडवावी लागते. यंत्रे बदलली, खुर्चीची वाट पाहत उभा असलेला माणूस मात्र तोच आहे.