पहाटे साडेचारला जाग येते तेव्हा

सातारा, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांतील रस्त्यांवर उजाडण्यापूर्वीच धावणाऱ्या पावलांचे आवाज सुरू होतात. सैन्यभरतीची तयारी करणारी ही मुले. त्यांच्या घरी त्याहीआधी कुणीतरी उठलेले असते. भिजवलेले हरभरे निथळून ठेवणारी, दूध तापवणारी आई किंवा आजी. वर्ष-दोन वर्षे हा क्रम चालतो. मग निवड होते, काळ्या पत्र्याच्या पेटीवर पांढऱ्या रंगात नाव लिहिले जाते, एस.टी. स्टँडवर हार-गुलाल होतो आणि मुलगा बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्राकडे रवाना होतो. दुसऱ्या दिवशी आईला नेहमीप्रमाणे साडेचारला जाग येते. उठून करायचे मात्र काहीच नसते.

आपल्या घरी असे घडले असेल, तर सर्वांत आधी एक लक्षात घ्या. अभिमान आणि दुःख एकाच वेळी मनात असू शकतात. एकामुळे दुसरे खोटे ठरत नाही. गावात सत्कार होत असताना आईने डोळे पुसले की ‘अपशकुन करू नकोस’ असे कुणीतरी दटावते. मला हे दटावणे कधीच पटलेले नाही. अडवलेले रडू पुढे डोकेदुखी, छातीवरचे दडपण, उगाचची चिडचिड अशा रूपांनी बाहेर पडते. वडील तर बहुधा रडतही नाहीत. ते एकाएकी अबोल होतात आणि शेतावर अधिक वेळ काढू लागतात. त्यांच्याकडेही घरच्यांनी लक्ष द्यावे.

पहिले काही आठवडे सर्वांत कठीण. लष्करातील अग्निवीराचे प्रशिक्षण सुमारे ३१ आठवड्यांचे असते. सुरुवातीला मोबाइल हाताशी नसतो, फोन क्वचित येतो आणि आला तरी दोन-चार मिनिटांचा असतो. त्यात मुलाचा आवाज थकलेला वाटतो. तो थकलेलाच असतो. त्याचा अर्थ तो संकटात आहे असा नव्हे. दिवसभर फोन उशाशी घेऊन बसण्यापेक्षा पत्र लिहा. म्हैस व्याली, आंब्याला मोहोर आला, धाकटीचा शाळेत नंबर आला, असे साधे लिहा. ‘तुझ्याविना घर खायला उठते’ हे वाक्य मात्र शेजारणीला सांगावे, पत्रात घालू नये. साताऱ्याजवळच्या, पिढ्यान्‌पिढ्या सैनिक देणाऱ्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात असे मन मोकळे करण्यास जाणती माणसे शेजारीच भेटतात. आपल्या गावात तसे नसेल, तर एखाद्या माजी सैनिकाच्या पत्नीकडे जाऊन बसा.

आता ज्येष्ठ वाचकांसाठी थोडे सविस्तर. नातू गेल्यावर घरातून केवळ माणूस जात नाही, त्याची कामेही उघडी पडतात. तालुक्याहून औषधे कोण आणायचे? ग्लुकोमीटरवर साखर कोण तपासायचे? दवाखान्यात दुचाकीवर कोण न्यायचे? ही यादी तो जाण्यापूर्वीच करून प्रत्येक कामापुढे दुसऱ्याचे नाव लिहावे. राहून गेले असेल, तर आज करावे. विरहात भूक मंदावते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन नेहमीप्रमाणे घेतले आणि जेवण मात्र टाळले, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम फुटणे, हातपाय थरथरणे, बोलण्यात गोंधळ होणे ही तिची चिन्हे. माणूस शुद्धीवर असेल तर त्वरित साखरेचे पाणी द्यावे आणि डॉक्टरांना कळवावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठावा. रक्तदाबाची गोळीही ‘मन लागत नाही’ म्हणून चुकवू नये.

झोपेचे म्हणाल तर, साडेचारला जाग आली की कूस बदलत पडून राहू नका. उठा, फटफटल्यावर थोडे चाला, दुपारची झोप आखडती घ्या. दुसऱ्याच्या सल्ल्याने झोपेची गोळी घेऊ नका. दोन आठवडे उलटूनही उदासी, निद्रानाश किंवा जेवणावरची वासना उडणे कायम असेल, तर डॉक्टरांना दाखवा. ‘टेली-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क असून तेथे मराठीतही बोलता येते. जगणे नकोसे वाटत असेल, तर मात्र दोन आठवडे थांबू नका. त्याच दिवशी बोला.

एक अवघड प्रश्न उरतो. घरात कुणी आजारी पडले तर मुलाला कळवावे का? ‘त्याचे प्रशिक्षण बिघडेल’ म्हणून अनेक घरे लपवतात. पुढे बाहेरून समजले की त्याचा घरच्या प्रत्येक ‘सगळे ठीक आहे’वरचा विश्वास उडतो. म्हणून निघण्यापूर्वीच ठरवा, सर्दी-ताप कळवायचा नाही. रुग्णालयात दाखल करावे लागले तर कळवायचे. त्याच्या कंपनीचा संपर्क क्रमांक घरातील दोघांकडे लिहिलेला असावा.

मग कसम परेडचे निमंत्रण येते. आजी-आजोबांनी जायचे ठरवले, तर उन्हात बराच वेळ बसावे लागेल हे गृहीत धरा. टोपी, पाणी आणि दोन दिवसांच्या गोळ्या जवळच्या पिशवीत ठेवा. सामानाच्या बॅगेत नकोत. रांगेतल्या शेकडो सारख्या चेहऱ्यांत आपला नातू लगेच ओळखू येत नाही. चष्मा न्यायला विसरू नका.