गाडी टकाटक आहे, पण नाव कुणाचं?

आखाजी जवळ आली, कापसा-केळीचे पैसे हातात खेळायला लागले की जळगावच्या मेहरूणमध्ये जुन्या गाड्या बघत फिरणारे दिसू लागतात. सोबत ओळखीचा मिस्त्री असतोच. तो बॉनेट उघडतो, ऑइलचं झाकण काढून रेस द्यायला लावतो, सायलेन्सरमागे हात धरून धूर बघतो. शिरसोली रस्त्याने तलावाच्या बाजूला एक चक्कर मारून येतो आणि निकाल देतो, "भाऊ, गाडी टकाटक शे." लगेच विसार दिला जातो. आरसी मागितली जाते ती त्यानंतर, आणि तीही मोबाईलवरच्या फोटोत.

मिस्त्रीच्या डोळ्यांबद्दल शंका नाही. पण इंजिनाचं दुखणं पैसे टाकून बरं होतं, कागदाचं दुखणं पैसे टाकूनही वर्षानुवर्षं सरत नाही. आणि या बाजारात ठामपणे सांगितल्या जाणाऱ्या बहुतेक चुकीच्या गोष्टी कागदाबद्दलच्याच आहेत.

"स्टॅम्पवर लिहून घेतलं, नोटरी केली. आता गाडी त्याची, आपला संबंध संपला."

हा सगळ्यांत महागात पडणारा समज, आणि तो जास्त भोवतो विकणाऱ्याला. शंभर रुपयांचा स्टॅम्प तर आता पुरतच नाही; ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात अशा करारांना किमान ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. पण मुद्रांक कितीचाही असो, त्यावरून फार तर व्यवहार झाला एवढंच सिद्ध होतं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या दृष्टीने मालक तोच, ज्याचं नाव आरटीओच्या नोंदीत आहे.

याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' या खटल्यात निकाल दिला. मूळ मालकाने २००७ मध्ये गाडी विकली होती. ती पुढे हातोहात विकली गेली, पण नाव बदलून घ्यायची तसदी एकानेही घेतली नाही. २००९ मध्ये त्या गाडीने अपघात केला, त्यात एकाचा जीव गेला. भरपाई कुणी द्यायची? न्यायालयाने सांगितलं, नोंदीत ज्याचं नाव आहे त्याने. म्हणजे दोन वर्षांपूर्वी गाडी विकून मोकळा झालेल्या माणसाने. अपघातात सापडलेल्या कुटुंबाने गाडी कुणाकुणाच्या हातातून गेली याचा माग काढत हिंडावं, अशी कायद्याची अपेक्षा नाही. विचार केला तर हे रास्तच आहे.

कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा. फॉर्म २९ ही विक्रीची सूचना, फॉर्म ३० हा नाव बदलण्याचा अर्ज. बाजारात त्यांना 'टीटी फॉर्म' म्हणतात आणि कोऱ्या फॉर्मवर सह्या करून देण्याची रीत आहे. घेणारा ते फॉर्म डिकीत टाकतो, पुढे गाडी विकताना तेच पुढच्याला देतो, म्हणजे आपलं नाव मध्ये लागतच नाही. हल्ली ही युक्ती अंगलट येते. अर्ज ऑनलाइन भरावा लागतो आणि मालकाच्या नोंदवलेल्या मोबाईलवर ओटीपी जातो. मूळ मालक पुण्याला मुलाकडे राहायला गेला आणि नंबरही बदलला, तर सह्यांचा तो गठ्ठा रद्दीच्या भावाचा.

नाव बदलण्याची मूळ सरकारी फी खासगी कारला ३०० रुपये आहे. कार्डाचे आणि किरकोळ आकार वेगळे. एजंट सांगतो तो आकडा आणि हा आकडा यांच्यातला फरक म्हणजे एजंटाची मजुरी. ती द्यायला हरकत नाही, पण ती सरकारी फी नव्हे.

गाडी परक्या माणसाला न विकता डीलरकडे सोडली तर? १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. गाडी ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९ सी मध्ये ऑनलाइन दिली की पुढचा ग्राहक मिळेपर्यंत डीलरच मालक मानला जातो. तोवर ती गाडी त्याने चाचणी, दुरुस्ती, प्रदर्शन यापलीकडे वापरायची नाही. कुठे नेली याची नोंदही ठेवायची. नियम विकणाऱ्याच्या सोयीचा आहे, पण मागितल्याशिवाय तो फॉर्म क्वचितच कुणी पुढे करतो. चाव्या देण्याआधी मागावा.

आणखी एक छोटा अडसर. एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट नसेल तर नाव बदलण्याचं काम अडतं. कारची प्लेट ७४५ रुपये अधिक जीएसटी. ती विकणाऱ्याने बसवायची की घेणाऱ्याने, हे विसार देतानाच ठरवलेलं बरं.

"विमा गाडीचा असतो, गाडीबरोबर येतो."

अर्धं खरं. दुसऱ्याच्या नुकसानीचा, म्हणजे थर्ड पार्टी विमा कलम १५७ मुळे नव्या मालकाकडे गेला असं मानलं जातं. आपल्याच गाडीच्या दुरुस्तीचा भाग मात्र तसा आपोआप जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच हे स्पष्ट केलं आहे. घेणाऱ्याने १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी नावावर करून घ्यायची. आरसी नव्याच्या नावावर आणि पॉलिसी जुन्याच्या, अशा स्थितीत महामार्गावर गाडी ठोकली तर दुरुस्तीचा दावा फेटाळायला कंपनीला आयतं कारण मिळतं.

'नो क्लेम बोनस'चंही असंच. वर्षानुवर्षं दावा न केल्याने मिळालेली सूट, जी ५० टक्क्यांपर्यंत जाते, ती गाडीला नसून माणसाला असते. विकणाऱ्याने कंपनीकडून तिचं पत्र घ्यावं, म्हणजे तीन वर्षांत घेतलेल्या दुसऱ्या गाडीला ती लावता येते. घेणाऱ्याला शून्यापासून सुरुवात करावी लागते आणि उरलेल्या मुदतीतला फरक भरावा लागतो. "पन्नास टक्के बोनसवाली पॉलिसी आहे" असं सांगून कुणी गाडीचे दोन पैसे वाढवून मागत असेल तर ते देऊ नयेत.

"पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात."

ही दिल्लीची गोष्ट. तिथे राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचा आदेश निघाला, त्यावर कोर्टकज्जे झाले, बातम्या गावोगाव पोचल्या. सरकारी खात्यांच्या पंधरा वर्षांवरच्या गाड्या एप्रिल २०२३ पासून देशभर मोडीत निघू लागल्या, त्याने समज आणखी पक्का झाला. आपल्याकडच्या खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते एवढंच. तपासणी करून, पर्यावरण कर भरून ती पाच वर्षांसाठी पुन्हा करता येते. १ एप्रिल २०२२ पासून कारच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली. वीस वर्षांपुढच्या कारला २०२५ पासून ती १०,००० आहे.

म्हणून चौदा वर्षांची गाडी स्वस्तात मिळत असेल तर हा खर्च किमतीतून वजा करून भाव करावा. मुदत टळून गेलेली असेल तर कारला महिन्याला ५०० रुपये दंड चढत असतो, तोही धरावा.

"हप्ते फिटले, गाडी मोकळी झाली."

हप्ते फिटले की कर्ज संपतं, आरसीवरचा बोजा नाही. बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ आरटीओत दिल्याशिवाय तो उतरत नाही, आणि बोजा असताना बँकेच्या संमतीशिवाय नाव बदलत नाही. खान्देशात याला एक जास्तीचा पेच आहे. इथल्या कित्येकांनी गाड्या पतसंस्थेच्या कर्जावर घेतल्या, आणि जळगाव जिल्ह्यातल्या बऱ्याच पतसंस्था पुढे अडचणीत आल्या. काहींवर अवसायक नेमले गेले. संस्थेच्या शाखेला कुलूप, व्यवस्थापक भेटत नाही, आणि दहा-बारा वर्षांच्या गाडीवर बोजा मात्र अजून त्या संस्थेचाच. अशा वेळी पत्र मिळतं ते अवसायकाकडून. त्यासाठी कर्ज फेडल्याच्या पावत्या लागतात, आणि त्या ज्याने हप्ते भरले त्याच्याच घरात असतात. सगळे पैसे घेऊन झाल्यावर त्या शोधायला कपाट कोण उघडणार? बोजा उतरेपर्यंत निम्मी रक्कम हातात राखून ठेवावी, हे माझं स्पष्ट मत आहे.

"आता जुनी गाडी विकली तरी अठरा टक्के जीएसटी."

डिसेंबर २०२४ मधल्या जीएसटी परिषदेनंतर हे व्हॉट्सअॅपवर भरपूर फिरलं. शेजाऱ्याने शेजाऱ्याला गाडी विकली तर जीएसटी लागत नाही. तो नोंदणीकृत व्यावसायिकाला, आणि तोही नफ्यावर. डीलरने ४ लाखांना घेतलेली गाडी ४ लाख ४० हजारांना विकली, तर ४० हजारांवर १८ टक्के, म्हणजे ७,२०० रुपये. तोटा झाला तर शून्य.

"सुरतची, इंदूरची गाडी स्वस्त पडते."

धुळे-नंदुरबारला सुरत जवळ, जळगावला बऱ्हाणपूर-इंदूर जवळ, त्यामुळे जीजे आणि एमपी पासिंगच्या गाड्या इकडे येत राहतात. मुंबई-पुण्याची गाडी आणली तर नंबर तोच राहतो, रस्ता कर पुन्हा भरावा लागत नाही. परराज्यातली गाडी आणली की मूळ आरटीओचं फॉर्म २८ चं ना-हरकत पत्र हवं, बारा महिन्यांपलीकडे इथे ठेवायची तर नवा नंबर हवा, आणि गाडीची किंमत व वय धरून महाराष्ट्राचा कर भरायला हवा. मूळ राज्यातून उरलेल्या वर्षांचा कर परत मागता येतो, पण त्यासाठी चकरा मारायच्या त्या राज्यात. हा सगळा हिशेब मांडला की सुरतेच्या स्वस्ताईतले बरेचसे पैसे वाटेतच खर्च होतात.

"मीटर बघा ना, फक्त तीस हजार किलोमीटर!"

मीटर मागे फिरवता येतं हे आता सगळ्यांना ठाऊक आहे, तरी आकडा लहान दिसला की मन भुलतंच. त्यापेक्षा टायरजवळ उकिडवं बसावं. टायरच्या बाजूवर लांबट चौकटीत चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. गाडी २०१९ ची, मीटर तीस हजार आणि चारही टायर २०२२ चे? तीन वर्षांत तीस हजारांच्या आत चारही टायर का बदलावे लागले, हे विचारायलाच हवं. मग ब्रेक आणि क्लचच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगचा गुळगुळीतपणा, ड्रायव्हर सीटची चढता-उतरता दबलेली कडा. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळचं मीटर नोंदलेलं असतं. मालकाला सोबत नेऊन ते काढून घ्यावं.

उलट, खरोखर कमी फिरलेली गाडी चांगलीच असेल असंही नाही. जळगावचा मे महिना ४५ अंशांच्या आसपास. इथल्या कोरड्या हवेत पत्रा टिकतो. मुंबई-कोकणच्या गाडीला खालून जसा गंज खातो तसा इथे सहसा दिसत नाही. पण उन्हात उभी राहिलेली गाडी रबरातून म्हातारी होते. होज पाइप, दरवाज्यांची रबरं, वायपर, टायरच्या बाजूच्या बारीक भेगा सगळं सांगतात. बॅटरीचंही आयुष्य उष्णतेने घटतं.

डिझेलवाल्यांसाठी आणखी एक. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी धरणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी महामार्गावर एका वेगाने बराच वेळ पळावी लागते. मेहरूण ते स्टेशन, स्टेशन ते बाजार अशीच चाललेली 'डॉक्टरांची कमी फिरलेली डिझेल' म्हणून तर जपून घ्यावी. बदलायची वेळ आली तर तो फिल्टर भलताच महाग पडतो.

"गॅस किट चालू आहे, काळजी नको."

चालू असणं आणि आरसीवर असणं या दोन वेगळ्या गोष्टी. किटची नोंद आरसीवर आणि पॉलिसीवर नसेल तर आग लागल्यावर दावा अडतो. सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करावी लागते. डिकी उघडून टाकीवरच्या पट्टीवरची तारीख वाचावी. घरगुती सिलिंडरमधून गॅस भरून चालणाऱ्या गाडीबद्दल तर मेहरूणकरांना वेगळं सांगायला नको. नोव्हेंबर २०२४ मध्ये शेजारच्याच इच्छादेवी चौकात ओम्नीत असा बेकायदा गॅस भरताना स्फोट झाला, गाडीतलं कुटुंब होरपळलं, काही जण वाचले नाहीत. अशी गाडी भाव कितीही पाडून दिली तरी घेऊ नये.

"वडिलांची गाडी आहे, मीच विकतोय, अडचण काय?"

वडील हयात नसतील तर अडचण आहे. मृत माणसाच्या नावावरून गाडी थेट घेणाऱ्याच्या नावावर होत नाही. आधी वारसाने ती आपल्या नावावर करायची, फॉर्म ३१ वर. मृत्यूचा दाखला, इतर वारसांची संमती आणि प्रतिज्ञापत्र जोडून. मालक गेल्यावर वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं, आणि तसं कळवलं तरच त्या नावावर गाडी तीन महिने वापरता येते. बहिणींच्या सह्या राहिल्या म्हणून गाडी वर्षभर अंगणात झाकून ठेवलेली घरं खान्देशात कमी नाहीत. विकणारा "बाबांची सही माझ्याकडे आहे" म्हणाला, तर ती सही कोणत्या तारखेची आहे ते बघावं, आणि विसार खिशातच ठेवावा.