गुंतवळाचे मोल

विंचरताना गळलेले केस आपण फेकून देतो. फेरीवाला तेच गुंतवळ घेऊन भांडी देतो. पश्चिम बंगालच्या मुर्शिदाबाद जिल्ह्यात अनेक भगिनी घरी बसून हा गुंता सुईने सोडवतात. मग खिळ्यांच्या फळीवर विंचरून लांबीप्रमाणे जुड्या बांधल्या जातात. केस जितका लांब, तितका भाव अधिक. म्हणून लांब, कोरड्या केसांना तेलाचा हात लावून, रुंद दातांच्या फणीने टोकांपासून वर सोडवत जावे. केस कमी तुटतात. देशी कारखानदारांच्या मागणीवरून जानेवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने कच्च्या केसांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. धंदा सावरावाच; पण गुंता सोडवणाऱ्या हातांनाही रास्त मजुरी मिळावी, एवढेच आमचे व्यापारी बांधवांना सांगणे आहे.