सर्व्हर आपोआप पुन्हा सुरू का झाला? कारणशोधाची पद्धती आणि १९ जुलै २०२४ चा धडा

शुक्रवार, दिनांक १९ जुलै २०२४ रोजी हैदराबादजवळील शमशाबाद येथील राजीव गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळावर काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. प्रवाशाचे नाव, उड्डाणाचा क्रमांक, आसन व वेळ हा सर्व तपशील कर्मचाऱ्यांनी पेनाने भरला होता. दिल्ली, मुंबई व बंगळूर येथील विमानतळांवरही त्या दिवशी अशीच ओढाताण झाली. जगभरातील लक्षावधी विंडोज संगणक निळा पडदा दाखवून बंद पडत होते, आपोआप पुन्हा सुरू होत होते आणि पुन्हा बंद पडत होते. दुसऱ्या दिवशी, २० जुलै रोजी, पहाटे ३ वाजल्यापासून विमानतळांवरील यंत्रणा सुरळीत झाल्याचे केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री श्री. किंजरापु राममोहन नायडू यांनी जाहीर केले.

ही घटना एवढी मोठी होती की तिचे कारण शोधणे अपरिहार्यच ठरले. परंतु शासकीय कार्यालयांतील सर्व्हर जेव्हा रात्री एकदाच बंद पडून पाच मिनिटांत पूर्ववत सुरू होतो, तेव्हा सकाळी कामकाज चालू झालेले पाहून सर्वांना हायसे वाटते आणि प्रकरण तेथेच मिटते. वास्तविक, यंत्र पुन्हा सुरू झाले याचा अर्थ दोष दूर झाला असा होत नाही. आपोआप पुन्हा सुरू होणे ही यंत्राने दिलेली सूचना असते. सातबाऱ्याचा उतारा, कोषागारातील देयके, निवृत्तिवेतन, शिधापत्रिकेवरील धान्य या सर्व सेवा आज सर्व्हरवर अवलंबून असल्यामुळे अशा सूचनेचा अर्थ लावणे हा कार्यालयीन कर्तव्याचाच भाग ठरतो.

पुन्हा सुरू होण्याचे चार मार्ग

सर्व्हर पुन्हा सुरू होण्याची कारणे असंख्य असली तरी मार्ग मुख्यतः चारच आहेत. पहिला मार्ग आज्ञेचा. एखाद्या प्रशासकाने किंवा स्वयंचलित सुधारणा बसविणाऱ्या कार्यक्रमाने तशी आज्ञा दिलेली असते. दुसरा मार्ग विजेचा. पुरवठा क्षणभर खंडित होतो, यूपीएसची बॅटरी ऐन वेळी दगा देते किंवा सर्व्हरमधील वीजपुरवठा-संच निकामी होतो. तिसऱ्या मार्गात कार्यप्रणालीलाच आपल्या गाभ्यात असा दोष आढळतो की पुढे चालत राहिल्यास माहिती बिघडण्याचा धोका असतो. अशा वेळी ती स्वतःहून काम थांबवते. विंडोजचा निळा पडदा याच प्रकारातील होय. चौथा मार्ग पहारेकऱ्याचा. अनेक यंत्रांत एक स्वतंत्र घड्याळ बसविलेले असते. मुख्य प्रणालीने ठराविक काळात त्याला हजेरी दिली नाही, तर ती अडकून पडली आहे असे समजून हे घड्याळ यंत्र नव्याने सुरू करते. अतिउष्णता किंवा स्मरणकोशातील दुरुस्त न होणारी चूक यांमुळेही यंत्रातील सुरक्षा-व्यवस्था असेच पाऊल उचलते.

तपासाचे पहिले काम म्हणजे यांपैकी कोणता मार्ग घडला हे ठरविणे. तसे न करता एकदम स्मरणपट्टी बदलणे किंवा प्रणाली नव्याने बसविणे म्हणजे रोगनिदानापूर्वीच शस्त्रक्रिया करण्यासारखे आहे. शिवाय त्यामुळे पुरावाही नष्ट होतो.

नोंदी काय सांगतात

सुदैवाने सर्व्हर आपली रोजनिशी स्वतःच लिहीत असतो. विंडोजच्या नोंदींत १०७४ हा क्रमांक आढळल्यास यंत्र आज्ञेने बंद झाले असे समजावे. आज्ञा कोणी दिली व कोणत्या कारणास्तव दिली, हेही त्या नोंदीत असते. ६००८ हा क्रमांक आधीचे बंद होणे अनपेक्षित होते असे सांगतो. ४१ हा क्रमांक पाहून अनेकांचा गैरसमज होतो. ती नोंद यंत्र बंद पडताना केली जात नाही, ते पुन्हा सुरू झाल्यानंतर केली जाते आणि आधी रीतसर बंद झालो नव्हतो एवढेच सांगते. तिच्यातील दोषसंकेताचा रकाना शून्य असेल तर वीज जाणे, यंत्र गोठणे किंवा कोणी बटण दाबणे या शक्यता पुढे येतात. तेथे अन्य आकडा असेल तर प्रणालीने स्वतःच काम थांबविले असे मानून पुढील तपास करता येतो.

लिनक्स प्रणालीत ‘लास्ट’ या आज्ञेने यंत्र केव्हा केव्हा सुरू झाले याची यादी मिळते व मागील सत्रातील नोंदी जर्नलमधून वाचता येतात. मात्र जर्नल चकतीवर साठविण्याची व्यवस्था केलेली नसेल तर ते केवळ स्मरणकोशात राहते आणि यंत्र पुन्हा सुरू होताच पुसले जाते. म्हणजे ज्या दिवशी त्याची गरज भासते, नेमके त्याच दिवशी ते हाती लागत नाही.

येथे मौनालाही अर्थ असतो. रीतसर बंद होताना प्रणाली एकेक सेवा थांबविल्याच्या नोंदी करते. अशा नोंदी मुळीच नसतील आणि रोजनिशी वाक्याच्या मध्येच तुटली असेल, तर संशय वीज व यंत्रसामग्रीकडे वळतो. त्या वेळी सर्व्हरच्या फलकावरील स्वतंत्र देखरेख-यंत्रणेची नोंद पाहावी. मुख्य प्रणाली बंद असतानाही ती जागी असते आणि वीजसंच, पंखे, तापमान व स्मरणकोशातील चुका यांची वेगळी नोंद ठेवते. त्याच मिनिटाची यूपीएसची व जनित्राची नोंदही तिच्याशी ताडून पाहावी.

हे ताडणे शक्य व्हावे म्हणून सर्व घड्याळे एका वेळेवर असली पाहिजेत. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार शासकीय संस्थांसह सर्व संबंधितांनी आपली घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या कालसेवेशी जुळवून घ्यावयाची असून संगणकीय नोंदी १८० दिवस जतन करावयाच्या आहेत.

काळाचा क्रम आणि दोन घटनांची गल्लत

वेळेच्या काटेकोर नोंदीचे महत्त्व १९ जुलैच्या घटनेतच दिसून आले. त्या दिवशी भारतीय वेळेनुसार पहाटेपासूनच मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतील मध्य विभागातील अॅझुर सेवेत बिघाड झालेला होता. सकाळी जगभर विंडोज संगणक कोसळू लागले तेव्हा दोन्हींचे कारण एकच असावे असे अनेकांस वाटले. परंतु त्या दोन स्वतंत्र घटना होत्या. संगणक कोसळण्यास सुरुवात झाली ती सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनंतर. त्या मिनिटास क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीने आपल्या ‘फाल्कन’ या सुरक्षा-प्रणालीसाठी एक नवी माहिती-फाइल सर्वत्र पाठविली होती. १० वाजून ५७ मिनिटांनी ती मागे घेण्यात आली. या ७८ मिनिटांत जे विंडोज संगणक जाळ्याशी जोडलेले होते व ज्यांनी ती फाइल घेतली, तेच बाधित झाले. लिनक्स व मॅक प्रणालींवर तिचा परिणाम झाला नाही. कोण बाधित झाले याइतकेच कोण झाले नाही हेही तपासात महत्त्वाचे असते, ते यामुळेच.

मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार बाधित संगणकांची संख्या सुमारे ८५ लाख, म्हणजे सर्व विंडोज संगणकांच्या एक टक्क्याहूनही कमी होती. तथापि ते विमानतळ, रुग्णालये, बँका अशा मोक्याच्या ठिकाणी असल्याने जनजीवनावर झालेला परिणाम त्या प्रमाणाहून पुष्कळ मोठा होता. भारतात दहा बँका व वित्तसंस्थांना किरकोळ अडथळा आल्याचे रिझर्व्ह बँकेने कळविले. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे जाळे बाधित झाले नसल्याचे केंद्रीय मंत्री श्री. अश्विनी वैष्णव यांनी त्याच दिवशी स्पष्ट केले. दिल्ली, पुणे व भुवनेश्वर यांबरोबर हैदराबाद येथेही या केंद्राचे राष्ट्रीय माहिती-केंद्र आहे, हे लक्षात घेता ही बाब दिलासा देणारी होती.

एकविसावा रकाना

क्राउडस्ट्राइकने ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मूळ कारणाच्या अहवालातून जे निष्पन्न झाले, ते प्रपत्रे हाताळणाऱ्या कोणासही सहज समजेल. फेब्रुवारी २०२४ मध्ये या प्रणालीत एक नवा तपासणी-नमुना समाविष्ट करण्यात आला होता. नमुन्यात २१ रकाने होते. प्रत्यक्षात संगणकावर मात्र २० च रकान्यांची माहिती पुरविली जात होती. ही तफावत पाच महिने कोणाच्या लक्षात आली नाही, कारण चाचण्यांत व सुरुवातीच्या फायलींत एकविसाव्या रकान्यासमोर ‘काहीही चालेल’ या अर्थाचे चिन्ह होते. साहजिकच तो रकाना उघडून पाहण्याची वेळच आली नाही. १९ जुलैच्या फाइलमध्ये प्रथमच त्या रकान्यासाठी नेमकी अट घालण्यात आली. प्रणाली एकविसावी नोंद वाचण्यास गेली, तेथे नोंदच नव्हती आणि तिने स्मरणकोशातील हद्दीबाहेरची जागा वाचण्याचा प्रयत्न केला. हा कार्यक्रम कार्यप्रणालीच्या गाभ्यात चालणारा असल्याने विंडोजने स्वतःच्या रक्षणार्थ सर्व काम थांबविले.

संगणक पुन्हा पुन्हा का कोसळत होते, याचे उत्तरही येथेच आहे. सुरक्षा-प्रणाली संगणक सुरू होताना अगदी आरंभी जागी होते. सदोष फाइल चकतीवर तशीच असल्याने प्रत्येक प्रारंभी तोच प्रसंग घडत होता. उपाय म्हणून प्रत्येक यंत्र सुरक्षित अवस्थेत सुरू करून २९१ क्रमांकाची ती फाइल काढून टाकावी लागली. चकती सांकेतिक कुलपाने बंद असेल तर ४८ अंकी पुनःप्राप्ती-किल्लीही लागत होती. अशा किल्ल्यांची यादी केवळ बंद पडलेल्या संगणकातच ठेवलेली असेल तर तिचा काय उपयोग, हा प्रश्न प्रत्येक कार्यालयाने स्वतःस विचारून पाहण्याजोगा आहे.

कारण शोधता आले ते स्मरणकोशाच्या प्रतीमुळे. प्रणाली कोसळताना त्या क्षणीची आपली स्थिती चकतीवर उतरवून ठेवते आणि कोणता कार्यक्रम काय करीत असताना खंड पडला हे तीवरून कळते. त्यासाठी चकतीवर पुरेशी जागा व तशी मांडणी आधीच करून ठेवावी लागते. लिनक्समध्ये तर या कामासाठी स्मरणकोशाचा काही भाग आरंभापासूनच राखून ठेवावा लागतो.

मंगळावरील दाखला

कारणशोधाचा दुसरा प्रसिद्ध दाखला पृथ्वीबाहेरचा आहे. ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेल्या अमेरिकेच्या पाथफाइंडर यानाचा संगणक काही दिवसांतच अधूनमधून आपोआप पुन्हा सुरू होऊ लागला. तेथे जाऊन यंत्र उघडणे शक्य नव्हते. जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेतील अभियंत्यांनी पृथ्वीवरील तशाच प्रतियंत्रावर सविस्तर नोंदी चालू ठेवून तोच बिघाड पुन्हा घडवून आणला. हवामानाची माहिती गोळा करणाऱ्या कनिष्ठ प्राधान्याच्या कामाने सामाईक साधन अडवून ठेवले होते आणि तेच साधन उच्च प्राधान्याच्या कामाला हवे होते. दरम्यान मध्यम प्राधान्याची कामे येऊन कनिष्ठ कामाला पुढे सरकू देत नव्हती. साहेबांना तातडीने हवी असलेली नस्ती लिपिकाच्या मेजावर असावी आणि अधल्यामधल्या अधिकाऱ्यांच्या कामांमुळे लिपिकास ती हातावेगळी करण्यास सवडच मिळू नये, तसा हा प्रकार होता. ठरलेल्या वेळेत काम न झाल्याचे आढळताच संगणक नव्याने सुरू केला जाई. कनिष्ठ कामाकडे साधन असेपर्यंत त्यास वरिष्ठाचे प्राधान्य देण्याची सोय प्रणालीत होतीच. पृथ्वीवरून संदेश पाठवून ती चालू करण्यात आली आणि दोष दूर झाला.

कार्यालयांनी काय करावे

या दोन्ही दाखल्यांत तपास यशस्वी झाला, कारण पुरावा जपला गेला व बिघाडाचा क्रम नेमका ठरविता आला. कोणत्याही कार्यालयास हे साधण्याजोगे आहे. सर्व्हरच्या नोंदी त्याच सर्व्हरवर न ठेवता दुसऱ्या यंत्रावरही पाठवाव्यात. स्मरणकोशाची प्रत घेण्याची व्यवस्था आधीच करून ती तपासून पाहावी. यूपीएसच्या बॅटरीची चाचणी प्रत्यक्ष भार देऊन ठराविक मुदतीने घ्यावी. प्रत्येक बदल, मग तो एका फाइलचा का असेना, दिनांक व वेळेसह नोंदवहीत लिहावा आणि प्रथम मोजक्या यंत्रांवर करून पाहावा. क्राउडस्ट्राइकनेही घटनेनंतर अशा फायली टप्प्याटप्प्याने पाठविण्याची पद्धत स्वीकारली. सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर अर्धवट राहिलेले व्यवहार तपासावेत. एखाद्याचे देयक दोनदा नोंदले जाणे किंवा मुळीच न नोंदले जाणे हा दोष यंत्राच्या बंद पडण्याहून गंभीर असतो.

आणि कारण सापडले नाही, तर ‘कारण सापडले नाही’ असे स्पष्ट लिहून प्रकरण उघडे ठेवावे. ‘तांत्रिक बिघाड, पुन्हा सुरू केले’ असा शेरा मारून नस्ती बंद केल्यास पुढच्या वेळी तपास करणाऱ्याच्या हाती काहीच राहत नाही. खिडकीपुढे रांगेत उभ्या असलेल्या नागरिकास सर्व्हरची परिभाषा ठाऊक नसते आणि ती ठाऊक असण्याचे कारणही नाही. आज झालेला खोळंबा त्याच कारणाने उद्या पुन्हा होणार नाही, एवढीच त्याची अपेक्षा असते व ती रास्त आहे.