तीन पावसाळे

मिशनरी हा शब्द नाशिक जिल्ह्याला नवा नाही. शरणपूरची ख्रिस्ती वसाहत एकोणिसाव्या शतकातली; पुढे ठक्करबाप्पांच्या प्रेरणेने दादासाहेब बिडकरांनी 1937 साली डांग सेवा मंडळ स्थापिले, तेव्हा तीच वृत्ती खादी नेसून पेठ-सुरगाण्याच्या डोंगरांत शिरली. मला मात्र या इतिहासाने पेठला नेले नाही. परिचयातल्या एका पुणेकर तरुणाने, पदवीचा कागद हाती पडताच तिथल्या एका पाड्यावरच्या आश्रमशाळेत सेवक म्हणून रुजू झाल्यावर, घरी धाडलेल्या पत्रात एक वाक्य होते: 'इथे मला कोणी अहोजाहो करीत नाही.' ही तक्रार की कौतुक, ते उमगेना, म्हणून आषाढात मी एस.टी.त बसलो.

सावळघाट ओलांडला आणि पावसापलीकडे काही दिसेनासे झाले. हा मुलूख एके काळी संस्थान होता. 1857 साली येथल्या कोळ्यांनी हरसूलचा बाजार लुटला, त्यापायी राजघराण्यातले भगवंतराव फासावर गेले, आणि 1878 साली संस्थानच्या बेगमसाहिबा निवर्तल्यावर संस्थान खालसा झाले. बाहेरून आलेला माणूस सारा मागायला येतो वा शहाणपण सांगायला, हा अनुभव ज्यांच्या पिढ्यांनी घेतला, त्यांनी नव्या मास्तराकडे जरा तिरपे पाहिले, तर त्यात नवल ते काय?

वर्गात ओल्या घोंगड्यांचा आणि चुलीच्या धुराचा मिळून एक वास कोंडला होता. तो माझ्या सदऱ्याला नाशिकपर्यंत चिकटून आला आणि आजही पहिल्या सरीबरोबर आठवतो. हजेरीपटावर नावे 43, समोर मुले 11. प्रार्थना, पाढे, जेवण, पुन्हा पाढे, असा दिवसाचा क्रम होता.

उरलेली 32 कोठे, असे विचारताच तरुण हसला आणि मला बांधावर घेऊन गेला. भाताची आवणी चालली होती. डोक्यावर इरले घेऊन वाकलेल्या बायांच्या ओळीत त्याचे विद्यार्थी रोपांच्या जुड्या पोचवीत होते. पहिल्या वर्षी त्याने या मुलांची नावे तांबड्या शाईने गैरहजर मांडली होती आणि पाड्यापाड्यांतून शिक्षणाचे माहात्म्य सांगत तो हिंडला होता. तेव्हा एका म्हाताऱ्याने चिखलातून मान वर न करता त्याला म्हटले होते, "तीन पावसाळे काढ, मंग बोल." तीन पावसाळे! नंतर हाच आकडा त्याला दुकानदाराकडून ऐकावा लागला, पाणी भरणाऱ्या बाईकडूनही.

बोलता बोलता तो धोतर खोचून चिखलात उतरला. जुडी डाव्या हातात, उजव्या हाताच्या तीन बोटांत दोन-चार काड्या, आणि अंगठ्याने एक दाब. रोप तिरपे राहिले, तशी शेजारची दहा वर्षांची पोर ते मुकाट्याने उपटून पुन्हा सरळ लावी. त्याच्या पायांच्या बोटांतल्या चिखल्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. रात्री एका म्हातारीने त्यांवर खुरासणीचे तेल चोळले आणि चोळता चोळता "तू लई येडा" असेही सुनावले. त्या 'तू'ने तो पूर्वी दुखावला होता. या लोकांच्या बोलीत देवालाही 'तू'च म्हणतात, हे त्याला मागाहून कळले.

सेवा, उद्धार, मागासलेले, हे अहवालांतले शब्द मला पूर्वीपासूनच खटकत. तरीही या पोराला हसण्याचा अधिकार माझ्यासारख्या दोन दिवसांच्या पाहुण्याला नव्हता, कारण त्याने व्याख्याने बंद केली होती, आवणीच्या दिवसांत वर्ग संध्याकाळीही कंदिलाशी भरवला होता आणि तांबड्या शाईची बाटली खिडकीत तशीच वाळू दिली होती. संध्याकाळी मी मुले मोजली. 29 होती, त्यांतली सहा पाढे म्हणता म्हणता झोपली, आणि त्याने त्यांना उठवले नाही.

निघताना तो थांब्यापर्यंत आला. म्हाताऱ्याचा हिशेब मी त्याला विचारला. तो त्याचा दुसरा पावसाळा होता.