आजारी मुलाच्या आईबापांना धीर कोणीं द्यावा?

मूल आजारी पडून इस्पितळांत आलें म्हणजे नोंदवहींत एकाच रोग्याचें नांव चढतें. परंतु आजार सगळ्या घराला जडलेला असतो. आईची झोप जाते, बापाची मजुरी बुडते, मागें राहिलेलीं लहान भावंडें शेजाऱ्यांच्या पदरीं पडतात. डॉक्टर मुलास औषध देतात, परिचारिका त्याची शुश्रूषा करते. पण भेदरलेल्या आईबापांना धीर देण्याचें काम कोणाचें, हा प्रश्न बहुतेक ठिकाणीं अनुत्तरितच राहतो. त्याचें एक साधें उत्तर गेल्या अर्धशतकांत पुढें आलें आहे. ज्या आईबापांनीं तेंच संकट पूर्वीं सोसलें, त्यांनींच नवागतांचा हात धरावा. अशा माणसास सोबती पालक म्हणतां येईल.

हें उत्तर किती स्वाभाविक आहे, तें हेमलकशाच्या इतिहासावरून समजतें. गडचिरोली जिल्ह्याच्या आग्नेय बाजूस, छत्तीसगडच्या सीमेलगतच्या अरण्यांत हें स्थान आहे. इंद्रावती, पर्लकोटा व पामुलगौतमी या नद्यांचा संगम तेथून जवळच. बाबा आमटे यांनीं २३ डिसेंबर १९७३ रोजीं येथें लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हां हा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यांत होता. गडचिरोली हा निराळा जिल्हा १९८२ सालीं झाला. प्रारंभीं डॉ. प्रकाश आमटे व डॉ. मंदाकिनी आमटे झाडाखालीं बसून रोगी तपाशीत. माडिया लोकांची भाषा त्यांनीं आत्मसात केली. तरीहि लोक एकदम आले नाहींत. बाहेरच्या माणसाविषयीं त्यांच्या मनांत धास्ती होती, आणि आजार हा दैवी कोप असून मांत्रिक हाच त्यावर उपाय, अशी पिढीजात समजूत होती. ही भीति व्याख्यानांनीं गेली नाहीं. बरा झालेला रोगी आपल्या पायांनीं गांवीं परतला, तेव्हां ती ओसरूं लागली. त्याच्या घरच्यांनीं शेजाऱ्यांस जें सांगितलें, तें कोणत्याहि पदवीधराच्या शब्दाहून वजनदार ठरलें.

असें कां व्हावें? डॉक्टराला रोग कळतो. परंतु आईचे प्रश्न निराळे असतात. मूल डोळे केव्हां उघडील? नाकांत घातलेली ही नळी दुखत असेल काय? रोवणीच्या आंत घरीं जातां येईल ना? हे प्रश्न डॉक्टरांस विचारण्याचा तिला संकोच वाटतो. शेजारच्या खाटेपाशीं बसलेल्या बाईला ती ते सहज विचारते. उत्तर न मिळाल्यास संशय वाढतो, आणि संशयापोटीं अर्ध्या उपचारांतून मूल उचलून नेलें जातें. क्षयाचा ताप उतरला, मूल हसूं खेळूं लागलें, म्हणजे आजार गेला असें घरच्यांस वाटतें. औषध मात्र कित्येक महिने चालवावयाचें असतें. धीर ही केवळ सांत्वनाची बाब नव्हे. कधीं कधीं मूल वांचणें न वांचणें त्यावर अवलंबून असतें.

या प्रदेशांत आढळणारा सिकलसेल आजार हें याचें ठळक उदाहरण होय. त्यांत तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वांकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मुलास असह्य कळा येतात, रक्त कमी पडतें, रोगसंसर्ग लवकर होतो. हा आजार जन्मभराचा असतो. आईबाप दोघेहि वाहक असले म्हणजे प्रत्येक अपत्यास तो होण्याचा संभव चारांत एक असतो. बीज दोघांकडून सारखेंच आलेलें असतें. तरीहि दोष सुनेच्या माथीं मारला जाण्याची भीति असतेच. अशा वेळीं दुसऱ्या एखाद्या बापानें पुढें होऊन “आमच्याहि घरीं असेंच आहे, आणि तें दोघांकडूनहि आलें आहे” असें सांगितलें, तर त्या सुनेचा भार अर्धा उतरेल.

या आजारांत लहान मुलाची प्लीहा एकाएकीं रक्तानें भरून फुगते आणि कांहीं तासांत मूल दगावूं शकतें. जमैका बेटांतील डॉक्टरांनीं आईबापांस मुलाचें पोट चाचपून फुगलेली प्लीहा ओळखण्यास शिकविलें. मुलें वेळेवर दवाखान्यांत येऊं लागलीं आणि या कारणानें होणारे मृत्यु पुष्कळ घटले. तो अभ्यास १९८५ सालीं प्रसिद्ध झाला. हें ज्ञान जिला एकदां आलें, ती आई दुसरीला तें आपल्या बोलींत, हातावर हात ठेवून शिकवूं शकते.

सामान्य स्त्रीच्या हातीं असें काम सोंपवितां येतें काय, या शंकेचें उत्तर गडचिरोली जिल्ह्यानेंच दिलें आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनीं १९८६ सालीं स्थापिलेल्या ‘सर्च’ संस्थेनें ३९ गांवांत, गांवांतल्याच थोडें शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केलें. त्यांनीं घरोघर जाऊन नवजात अर्भकांची काळजी घेतली. तिसऱ्या वर्षीं नवजात मृत्यूंचें प्रमाण तुलनेच्या गांवांच्या मानानें ६२ टक्क्यांनीं उतरलें. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानें १९९९ सालीं तो वृत्तांत छापला. आरोग्यदूत ही शिक्षण घेतलेली सेविका, आणि सोबती पालक हा अनुभवाचा जाणता. दोघांचीं कामें भिन्न आहेत. परंतु ओळखीचा चेहरा आणि ओळखीची भाषा हें दोघांचेंहि सामर्थ्य. त्याच संस्थेचें शोधग्राम येथील रुग्णालय गोंडी वस्तीच्या धर्तीवर झोपड्यांचें उभारलें गेलें, तें नातलगांस रोग्यापाशीं राहतां यावें म्हणूनच.

नगरांतहि ही गरज कमी नाहीं. एके काळीं युरोपांतील इस्पितळें आईबापांस भेटीच्या ठरलेल्या वेळेवांचून आंत घेत नसत. इंग्लंडांत न्यूकॅसल येथें डॉ. जेम्स स्पेन्स यांनीं आईला बाळाबरोबर राहूं देण्याची प्रथा पाडली, आणि १९५९ सालच्या प्लॅट समितीच्या अहवालानें आईबापांस मुलापाशीं मोकळेपणीं येऊं देण्याची शिफारस केली. अमेरिकेंत ओमाहा शहरीं, बुद्धीची वाढ मंद असलेल्या मुलांच्या आईबापांनीं १९७१ सालीं नवागत पालकांस साह्य करण्याची रीतसर योजना आंखली. मुंबईंत कर्करोगाच्या उपचारासाठीं गांवोगांवाहून आलेल्या मुलांचीं कुटुंबें ‘सेंट ज्यूड’ संस्थेच्या निवासांत २००६ सालापासून एकत्र राहतात. एकाच ठिकाणीं स्वयंपाक करतां करतां एक आई दुसरीचा आधार होते.

मात्र या कामाला मर्यादा हव्यात. सोबती पालकानें औषध सुचवूं नये; “माझें मूल बरें झालें, तुमचेंहि होईलच” असें वचन देऊं नये, कारण प्रत्येक मुलाचा आजार निराळा. त्यानें थोडें बोलावें, फार ऐकावें. ऐकलेलें चारचौघांत सांगूं नये. ज्याचें स्वतःचें दुःख अजून ओलें आहे, त्यानें थोडें थांबावें. आणि ही योजना इस्पितळाच्या संमतीनें व देखरेखीखालीं चालावी. नाहींतर सोबतीऐवजीं अफवाच पसरतील.

ज्या घरांतील मूल मोठ्या दुखण्यांतून उठलें आहे, त्या घरापाशीं एक दुर्मिळ ज्ञान असतें. तें विसरून जावेंसें वाटणें साहजिक आहे. परंतु अरण्यांतून नागपुरास पाठविलेली एखादी आई, जिची भाषा तेथें कोणास समजत नाहीं, ती त्या क्षणीं ओसरीवर एकटी बसलेली असूं शकते. तिच्याशेजारीं येऊन बसणारें माणूस तिच्या बोलीचें असावें, आणि तें त्याच वाटेनें पूर्वीं गेलेलें असावें. एवढी सोय करावयास फारसें द्रव्य लागत नाहीं. कोणीतरी ती करण्याचें मनावर घेतलें पाहिजे.